प्रतिसाद: पाकळ्या दिसतात, पण वास कुठे जातो?

गुलाबपाकळ्यांच्या चहाचं पाकीट उघडल्यावर घमघमाट आणि कपात नुसता कोरा चहा, ही तुमची तक्रार रास्त आहे. अहो, बऱ्याच मिश्रणांत पाकळ्या असतात त्या शोभेला! अर्ल ग्रे नावाच्या सुवासिक चहात काही जण निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्या टाकतात ना, त्यांना स्वतःचा वास जवळपास नसतोच. सुवास असतो बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलाचा.

खरं काम मोगऱ्याच्या चहात बघा. चीनमध्ये कळ्या दिवसा खुडतात, रात्री उमलू लागल्या की पत्तीत मिसळून ठेवतात, मग फुलं काढून पत्ती पुन्हा वाळवतात. चांगल्या मालाला हे अनेकदा. मात्र हे बहुतेक हिरव्या चहावर होतं. काळ्या चहात गुलाबाचा रोझ कोंगू हा चिनी चहा प्रसिद्ध.

तुमच्या गुलाबाच्या चहासाठी दूध, आलं, साखर बाजूला ठेवा आणि चहा उकळू नका. उकळतं पाणी ओतून तीनेक मिनिटं झाकण. जरा निवू द्या. गुलाब जिभेवर नाही, घोट गिळल्यावर नाकात मागून येतो. जास्त वेळ मुरला तर तुरटपणा त्याला खाऊन टाकतो.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या फुलबाजारातला मोगरा चहाच्या डब्यात टाकायची आयडिया या चर्चेत वर कुणी दिलीय, ती मला पटली नाही. ती फुलं पाणी मारून ओली ठेवलेली, शिवाय फवारणीचं काय? कुंडीतला मोगरा असेल तर रात्री कोरड्या कळ्या चमचा-दोन चमचे पत्तीत ठेवा, सकाळी काढा आणि ती पत्ती लगेच वापरा. ठाण्याच्या पावसाळ्यात तर हा उद्योग नकोच, बुरशी धरेल.