मदत हवी: गिटारचा पीस सॉफ्टवेअरवर लिहावा की गिटार हातात घेऊनच?

नमस्कार मंडळी. मी अकूस्टिक गिटारसाठी एक फिंगरस्टाइल पीस बनवतोय, म्हणजे एकाच गिटारवर खाली बास आणि वर धून. लिहितोय लॅपटॉपवर, एलएमएमएस या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरच्या पियानो रोलमध्ये (सूर चौकटीवर मांडायची खिडकी), माउसने एकेक नोट टाकत. का, तर गिटार हातात घेतली की बोटं आपोआप ई मायनर, सी, जी, डी याच कॉर्ड्सच्या शेप्सवर जाऊन बसतात आणि नवीन काही सुचतच नाही, तेच पियानो रोल उघडला की डोक्यात वाजतंय ते जसंच्या तसं उतरतं. एफला सा धरून भूप रागाच्या पाच सुरांवर धून झालीय आणि मला ती मनापासून आवडते.

पण प्रत्यक्ष वाजवायला गेलं की घोडं अडतं. एका बारमध्ये खालचा एफ आणि त्याला लागूनचा जी एकदम वाजतात. कॉम्प्युटरला काहीच अडचण नाही, पण स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये (तारा नेहमीसारख्या लावल्या तर) हे दोन्ही सूर पाचव्या मोकळ्या तारेच्याही खालचे, म्हणजे दोन्ही फक्त सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर, पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी). एका तारेतून एका वेळी दोन सूर निघणार कसे? पुढे तर तोच एफ धरून ठेवायचाय आणि धून पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटला पंचमावर, इतका पंजा कुणाचा पुरणार!

एक पर्याय सुचतोय, सा डी धरायचा आणि सहावी तार ई-वरून डी-ला उतरवायची, म्हणजे बास मोकळ्या तारेवर मिळेल आणि डावा हात धुनेसाठी सुटेल. हे बरोबर आहे का? की अजून कुठलं ट्यूनिंग भूपाला जास्त सोयीचं पडेल?

दुसरं म्हणजे टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट दाबायचा ते आकड्यांत लिहिणं. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला पण आहे, तिसरीवर नवव्याला पण, आणि प्रत्येक ठिकाणी आवाजाचा पोत वेगळा. पियानो रोल हे विचारतच नाही. मग सुरुवातीपासून टक्सगिटार या टॅब लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅबवरच लिहावं का? तिथे एका तारेवर दोन आकडे टाकताच येत नाहीत एवढी तरी खात्री, पण टॅब समोर आली की परत ओळखीचे शेप्स सुचतील अशी धास्ती वाटते.

आणि मींड? ग वरून रे वर घसरत येणं पिच बेंडने (सॉफ्टवेअरमधली सूर वर-खाली सरकवायची सोय) काढून बघितलं, सूर बरोबर लागतो पण तारेवर बोट घसरल्याचा आवाज काही येत नाही. हे सॉफ्टवेअरमध्ये जमवणारं कुणी आहे का, की एवढा भाग सरळ गिटारवर वाजवून रेकॉर्ड करावा?

तुम्ही स्वतः कुठून सुरुवात करता तेही सांगा. लॅपटॉप विंडोजचा आहे, ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइक कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) नाही, त्यामुळे फुकटातलं काही असेल तर ते आधी सुचवा प्लीज.