जूनमध्ये तर बुरशीही वाढते: कृष्णद्रव्य आणि दिशा

वेंगुर्लेकर: कृष्णद्रव्य म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. ते शोधायला इटलीत ग्रान सासो डोंगराखाली डामा नावाचा प्रयोग होता. तिथे सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत जूनच्या सुरुवातीला प्रकाशाच्या बारीक ठिणग्या वाढायच्या, डिसेंबरात घटायच्या. त्यांच्या मते हा कृष्णद्रव्याचा वारा. वीसएक वर्षं हेच दिसलं, तर मग हा वारा कुठून येतो ती दिशा ओळखणारी उपकरणं कशाला?

देवगडचा लॅबवाला: जूनमध्ये आमच्याकडे काय वाढत नाही हो? कॉलेजच्या प्रयोगशाळेत 26 वर्षं काढली. भिंगांना बुरशी, कपाटं फुगलेली. एकदा रीडिंग रोज चढायला लागलं, मी धावत सरांना सांगायला गेलो. निघालं काय, तर टर्मिनलवर ओल. वर्षाच्या तालावर काहीही नाचतं. स्पेनच्या अनाइस आणि कोरियाच्या कोसाइन या प्रयोगांनी तसेच स्फटिक लावले, त्यांना हा चढउतार दिसला नाही.

दिशेचं सोंग आणणं कठीण. सूर्य आपल्याला घेऊन सेकंदाला साधारण 230 किमी वेगाने हंस तारकासमूहाच्या रोखाने चाललाय, म्हणजे वारा हंसाकडून. देवगडहून हंस उत्तरेला 60 अंशांपर्यंत चढतो, मग मावळतो. तेव्हा हा वारा पायाखालून, पृथ्वीतून आरपार येणार! शिवाय हंस रोज 4 मिनिटं आधी उगवतो. खोलीतला दमटपणा काही त्याच्या घड्याळाने चालत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्परगेल यांनी हे 1988 मध्येच मांडलं.

मालवणी माणूस: वारो खंयसून येता ता बघल्याशिवाय होडी लोटूची नाय, बापूस सांगी. पण हयसर बावटो बांधतत कसो?

देवगडचा लॅबवाला: विरळ वायूत. कृष्णद्रव्याच्या कणाचा धक्का बसलेलं अणुकेंद्रक द्रवात किंवा स्फटिकात ओढतं ती रेघ मायक्रोमीटरहूनही आखूड. इंग्लंडच्या बुल्बी खाणीत, 1100 मीटर खाली, ड्रिफ्ट प्रयोगात कार्बन डायसल्फाइड हवेच्या विसाव्या हिश्श्याच्या दाबाला भरला, तेव्हा ती मिलिमीटरांत गेली. तरी कुर्लीच्या पावलांसारखीच गत: रांग दिसते, गेली कुठे ते कळत नाही. रेघेच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, शेवटी कमी, त्यावरून ताडायचं.

खरी गोम वजनात. घनमीटरभर पेटीत असा वायू मावतो एका बऱ्यापैकी बांगड्याएवढा. अमेरिकेतल्या एलझेड प्रयोगाकडे 7 टन द्रव झेनॉन, पण त्याला दिशा कळत नाही.

वेंगुर्लेकर: हंस आता जूनमध्ये दिसेल का?

देवगडचा लॅबवाला: रात्री नऊनंतर, ईशान्येला. पण कालपासून इथे धो धो कोसळतोय.