भाकरी-चटणी तर आपलीच, मग अडतंय कुठं? सोलापुरातल्या व्हीगन मंडळींचे अनुभव

दूध, दही, तूप, मध, जनावरापासूनचं सगळंच सोडून, म्हणजे व्हीगन होऊन, मला सव्वादोन वर्षं झाली. सोलापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग खाता काय?" खरं तर याचं उत्तर सोलापूरकराला द्यायची गरजच पडू नये. कडक भाकरी चुरून त्यावर गरम आमटी, शेंगाचटणी, शेंगोळे, महाद्या, हुरडा, यात जनावर कुठून आलं? मंगळवेढ्याची ज्वारी आणि दाणे घरात असले की माझा अर्धा महिना निघतो. आणि १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, हे मी आता प्रत्येक लग्नात सांगून सांगून थकले आहे.

अडतं ते ताटाच्या कडेकडेनं. चहाच्या कपात, बेकरीच्या बरणीत, औषधाच्या पाकिटात आणि "एवढंसं तूप, त्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या मामींच्या पळीत.

सगळ्यात आधी मी फसले ती हिरव्या ठिपक्याला. हिरवा ठिपका म्हणजे आपलं, अशी माझी समजूत. पण आपल्याकडच्या नियमात मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे तिच्यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख वगळलेली आहेत. त्यामुळे हे सगळं हिरव्या ठिपक्याखाली बसतं. लाख ही किड्याचा स्राव. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर जी काचेसारखी झिलई असते ती पुष्कळदा तिचीच. पाकिटावर "९०४" किंवा "शेलॅक" दिसलं की समजायचं ती लाख, आणि ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम २०२२ साली आले आणि वेगळं चिन्हही आलं. पण आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. तोवर मागची बारीक अक्षरं वाचणं आलंच. मी पर्समध्ये भिंग ठेवते, हसू नका.

तुमचं कसं चाललंय ते लिहा. फसलेलं लिहा, सोडून दिलं असेल तर तेही लिहा. एकमेकांना शहाणपण शिकवायचं नाही, एवढीच अट.

पूर्व भागातून

आमचं घर तेलुगू पद्मशाली. आमच्यात जेवण पेरुगन्नम म्हणजे दहीभातावर संपतं, नाहीतर ते संपलेलंच नसतं. मांस मी कॉलेजात असतानाच सोडलं होतं, त्याचा काही त्रास झाला नाही. दह्यानं मात्र रडवलं. रात्री पोट भरलेलं असायचं आणि तरी जेवले नाही असं वाटायचं.

विकतचं सोया दही सोलापुरात सहज मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही. म्हणून दाण्याचं दही लावायला शिकले. सांगते. एक वाटी कच्चे दाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची. तीन वाट्या पाणी घालून मिक्सरला अगदी गंधासारखं वाटायचं आणि सुती कापडातून पिळायचं. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं. ढवळणं थांबलं की तळाला लागतंच, माझं दोनदा लागलं. एक उकळी आल्यावरही पाच-सात मिनिटं ठेवायचं, तेव्हा कच्चा वास जातो. मग करंगळी सोसेल इतकं कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे सात-आठ देठ टाकायचे, धुऊन, पण घासून नाही. झाकून ठेवायचं. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या खोलीत पाच तासांत लागतं, थंडीत रात्रभर लागतं. देठ काढून टाका आणि पुढच्या वेळी त्याच दह्याचं विरजण वापरा. तिसऱ्या विरजणापासून चव खरी लागते.

अम्मानं पहिल्यांदा चाखलं आणि "शेंगाचटणी पातळ झालीय का?" असं विचारलं. आता मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची यांची फोडणी दिली तर ती स्वतःहून घेते. दही म्हणत नाही, "ते तुझं" म्हणते.

अक्कलकोट रोड, बेकरीवाला

मी व्हीगन नाही, आधीच सांगतो. पुतणी व्हीगन झाली आणि रोज मला छळती म्हणून लिहायला बसलो. तेवीस वर्षं भट्टीवर आहे.

साध्या पावात मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर, थोडं तेल, एवढंच असतंय. लफडं वरच्या रंगात. बनला चकाकी आणायला कुणी दूध फासतंय, कुणी अंडं. टोस्टात दूध पावडर जाते. नानकटाईची तर गंमतच आहे. लोक जास्त पैसे देऊन साजूक तुपातली मागतात, आणि तुम्हाला चालणार ती स्वस्तातली डालड्याची. मार्जरिन म्हणजे वनस्पती असं समजू नका, काही डब्यांवर दुधाचे घटक लिहिलेले असतात. वाचा.

आणि एक. दुकानात जाऊन "यात दूध आहे का?" असं विचारू नका. काउंटरवरचा पोरगा "नाही" म्हणणार, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात दूध म्हणजे पिशवीतलं दूध. पावडर त्याला दूध वाटतच नाही. "दूध पावडर, लोणी, अंडं यातलं काय पडतंय?" असं नाव घेऊन विचारा. शक्यतो सकाळी या, कारागीर असतो तेव्हा. माल आम्ही करतो, विकतो तो पोरगा.

नवी पेठ, कापड दुकान

चहा. बाकी सगळं सुटलं, चहा सुटेना. दुकानात दिवसाला सात-आठ कप व्हायचे. गिऱ्हाईक आलं की चहा, व्यापारी आला की चहा. सोया दूध आणलं तर उकळत्या चहात फाटलं. फाटायचं कारण चहाचा आंबूसपणा आणि उष्णता. उलटं करायचं. कपात कोमट सोया दूध घ्यायचं आणि चहा जरा निवला की हळूहळू त्यात ओतायचा. जमतं, पण आठ वेळा कोण करणार? आता गवती चहा-आलं घातलेला कोरा घेतो. टपरीवाला पोरगा लांबूनच ओरडतो, "शेटचा आजारी चहा काढ बे!"

सात रस्ता, औषध दुकान

माझ्याकडे येऊन "मी व्हीगन आहे, चालेल का?" असं विचारणारे वर्षभरात चार-पाच जण असतील. थोडी माहिती देतो.

कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. कवच "एचपीएमसी" (वनस्पतीच्या तंतूंपासूनचं) किंवा "व्हेज" असेल तर तसं लिहिलेलं असतं. साध्या गोळीत गोळी बांधायला लॅक्टोज घालतात, ते दुधातलं. ड जीवनसत्त्वाचं डी-३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. डी-२ यीस्टसारख्या बुरशीपासून करतात, आणि दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-३ सुद्धा निघालंय. कॅल्शियमच्या काही गोळ्या कालवांच्या शिंपल्यांच्या असतात, नाव मात्र "नैसर्गिक कॅल्शियम". आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहू नका. च्यवनप्राशात तूप आणि मध, आणि प्रवाळ, शंख, मौक्तिक ही भस्मं तर समुद्रातल्या जिवांचीच.

पण हात जोडून सांगतो, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध लेबल वाचून परस्पर बंद करू नका. पर्याय असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून देता येतो. मागे एक ताई थायरॉइडची गोळी लॅक्टोजमुळे दोन महिने बंद करून बसल्या होत्या. त्यांची अवस्था मी पाहिलीय.

होटगी रोड

वरच्या औषधवाल्या दादांना दुजोरा. मी तीन वर्षं कट्टर होतो आणि बी-१२ची गोळी म्हणजे कंपन्यांचं खूळ असं समजायचो. कुणीतरी सांगितलं स्पिरुलिना नावाचं शेवाळ खा, त्यात भरपूर बी-१२ असतं. खाल्लं, दीड वर्ष. नंतर कळलं की त्यातलं बी-१२ बरंचसं नकली, शरीराला उपयोगी न पडणारं.

सुरुवात तळपायांना मुंग्या येण्यापासून झाली. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून लक्ष दिलं नाही. मग तोंड येऊ लागलं, ओळखीच्या माणसांची नावं आठवेनात. बायकोनं जबरदस्तीनं रक्त तपासायला लावलं, आकडा आला १३८. प्रयोगशाळेच्या कागदावर किमान २११ छापलेलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "दूध पिणारे शाकाहारी लोकही हेच घेऊन येतात माझ्याकडं, तुम्ही तर तेही सोडलंत." इंजेक्शनं झाली, आता गोळी कायमची. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, भाजीपाल्यात भरवशाचं मिळत नाही. त्यात तत्त्वाला बाध येण्यासारखं काही नाही. पायाच्या मुंग्या पूर्ण जायला आठ महिने लागले.

माहेर मोहोळ तालुका, सध्या जुळे सोलापूर

माझ्या माहेरी गोठा आहे. पंढरपुरी म्हशी, तलवारीसारखी मागं गेलेली लांब शिंगं. लहानपणी त्यांच्या पाठीवर बसून मी पाढे पाठ केलेत. म्हणून "दुधात क्रूरता असते" असं शहरातलं कुणी फटकन म्हणालं की मला अजूनही राग येतो, मी स्वतः सोडलेलं असूनही.

सोडलं ते एका दिवसात नाही. आमच्या एका म्हशीचं रेडकू आठवड्यातच गेलं. ती पान्हा चोरायला लागली. गडी रेडकाचं कातडं तिच्यासमोर ठेवायचा, ती ते चाटायची आणि धार सोडायची. हे मी लहानपणापासून बघत आलेले, पण त्या वर्षी माझं बाळ पाच महिन्यांचं होतं. बघवलं नाही. एवढंच कारण, बाकी मोठं तत्त्वज्ञान नाही माझ्याकडं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते अंगणात वैरण तोडत होते. वर न बघता म्हणाले, "दूध सोडलंस? मग शिकलीस कशावर?" मी म्हटलं, "दुधाच्याच पैशावर, अण्णा." त्यावर ते काही बोलले नाहीत. त्याला आता चार वर्षं होतील, अजून त्या विषयावर बोलत नाहीत. भोगीला गेले की आई बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवते, मग आठवतं, उचलते, आणि दुसरी भाकरी थापायला घेते. लोणी लागलेली भाकरी अण्णा मुकाट आपल्या ताटात ओढून घेतात.

बाळाचं कॅल्शियम वगैरे विचारणाऱ्यांसाठी: मुलाला मी व्हीगन केलेलं नाही. तो आजोळी दूध पितो. मी स्वतः नाचणी आणि तीळ खाते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, गाईच्या दुधात साधारण १२०.

केगाव, विद्यापीठाजवळची खोली

मेसवाल्या काकूंना "व्हीगन" सांगितलं, त्यांनी "जैन" ऐकलं. महिनाभर मला कांदा-लसूण नाही आणि वरणावर तूप! शेवटी म्हटलं, "काकू, दुधाचं काहीच नको, कांदा दोन घाला." तेव्हा कळलं त्यांना.

माझी सगळ्यात भारी फजिती कॉफीची. प्रवासात कॉफीसोबत छोटी पुडी मिळाली, वर लिहिलेलं "नॉन-डेअरी". खुशीत चार पुड्या ओतल्या. मागे बघतो तर सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन. तेव्हापासून केसिन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे शब्द मला तोंडी परीक्षेच्या प्रश्नांपेक्षा जास्त पाठ आहेत. मसाला वेफर्सचं पाकीटही बघा, साध्या खारट वेफर्समध्ये सहसा काही नसतं, चटपटीत चवीच्या मसाल्यात दूध पावडर लपलेली असते.

गड्ड्याच्या जत्रेत मात्र मजा आली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो, दुधाचा नव्हे. रूममेटला म्हटलं, बघ, देव माझ्या बाजूनं आहे. तो म्हणाला, "मग तेल पी की."

पुन्हा मी, ही चर्चा सुरू करणारी

बेकरीवाले काका, पुतणीला माझा नमस्कार सांगा. पावडरवाली गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, आता समजलं मी नेमकी कुठं फसत होते.

दोघातिघांनी मिठाईवरच्या वर्खाचं विचारलं म्हणून सांगते. चांदीच्या वर्खासाठी जनावरापासूनची कुठलीच वस्तू वापरायची नाही असा नियम एफएसएसएआयनं २०१६ साली काढला. त्याआधी वर्ख जनावरांच्या कातड्याच्या थप्पीत ठोकायची पद्धत होती. वर्ख लावलेली मिठाई तशीही खव्याची, त्यामुळे माझा प्रश्न आपोआप मिटला.

आणि जानेवारीत हुरड्याला जायचं ठरतंय, शेत विजापूर रोडला आहे. हुरडा, शेंगाचटणी, जवसाची चटणी, गूळ हे सगळं शेतावर मिळेल. दह्याची वाटी मात्र तिथं म्हशीच्या दुधाची असते. पूर्व भागातल्या ताई, तुमचं "ते तुझं" मोठ्या डब्यात घेऊन याल का? दाणे मी सोलून देते, मिरच्यांचे देठ कुणीतरी आणा.