मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातील पणजोबांची नोंद

आईचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) होते. घरी त्यांचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आहे. कडेवर शिपाई, पहिले नाव आणि ११० मराठा एवढे वाचता येते. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झिजले आहेत, आडनाव मुळातच नाही. गाव राजापूर तालुक्यातले. ते १९१९ मध्ये परत आले.

११० मराठा ही पलटण मेसोपोटेमियातल्या कूत शहराच्या वेढ्यात अडकली होती आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. पणजोबा त्या कैद्यांत होते की नंतरच्या भरतीतले, हे आईला तिच्या हयातीत कळावे अशी माझी फार इच्छा आहे. ती ८१ वर्षांची आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत फक्त मृतांची नावे असल्याने तिथे उपयोग नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून शोधले, पलटणीच्या प्रशासकीय फायली निघाल्या, शिपायांची यादी नाही. गावच्या दगडी पाटीवर युद्धावर गेलेल्यांची फक्त संख्या आहे. पेन्शनचे कागद घरी नाहीत. मेडल कोणाकडे पाठवायचे नाही, फोटो देऊ शकेन.

१९२२ मध्ये ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, म्हणून आता मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावमधल्या रेजिमेंटल सेंटरला लिहायचे ठरवले आहे. मी ठाण्यात नोकरी करतो, एकदाच जाणे जमेल. १९२२ पूर्वीच्या शिपायांची भरतीची किंवा डिस्चार्जची नोंद तिथून कोणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का, आणि अर्धवट क्रमांकावर ती शोधून देतात का?