मनोविश्लेषण हे श्रीमंतांचं खूळ आहे, हे मला मान्य नाही

सातरस्ता
परवा 'विवेकनिष्ठ' यांनी इथे लिहिलं की फ्रॉईड कधीच निकालात निघाला, त्याने काढलेलं मनोविश्लेषण (माणसाला मोकळं बोलतं करून मनात दडलेलं बाहेर आणायचा उपचार) म्हणजे व्हिएन्नातल्या रिकामटेकड्या श्रीमंतांचं खूळ, आणि सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या गावात त्याचं नावही काढू नये. सहा-आठ सिटिंग, घरी करायचा अभ्यास, लागली तर गोळी, की माणूस कामाला लागला. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मानसशास्त्र शिकवते. गप्प बसवलं नाही.

तुम्ही ज्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलायच्या पद्धतीचा, कैवार घेता तिचे जनक अल्बर्ट एलिस आधी मनोविश्लेषणच करत होते. तशाच विचार बदलायच्या उपचाराचे दुसरे जनक ॲरन बेकही तिथूनच आले. दोघंही वैतागून बाहेर पडले, कबूल. पण माणसाला बोलतं करून त्याचा आजार उतरवता येतो हा विचार डॉक्टरी पेशात रुजला तो ब्रॉयर आणि फ्रॉईड यांच्या १८९५ च्या पुस्तकापासून. ज्या घरात वाढलात त्याच घराला रिकामटेकड्यांचं म्हणता?

परदेशी म्हणाल, तर गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था १९२२ सालीच काढली. ते फ्रॉईडला पत्रं लिहून भांडत. माझ्या भारतीय पुरुष रुग्णांत तुम्ही म्हणता ती लिंगच्छेदाची भीती युरोपातल्याइतकी प्रबळ दिसत नाही, स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज हाती लागते, असं त्यांनी स्वतःच्या रुग्णांवरून कळवलं. पुढे १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभं केलं. हे खूळ म्हणायचं का?

पुरावा हवा असेल तर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा २०१५ चा अभ्यास पाहा. निदान दोन उपचार करूनही ज्यांचं नैराश्य हटलं नव्हतं असे १२९ रुग्ण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर दीड वर्ष, आठवड्यातून एकदा, मनोविश्लेषणाच्या अंगाने उपचार दिले. उपचार संपले तेव्हा दोन गटांत फार फरक नव्हता. त्यानंतर दोन वर्षांनी मात्र तीव्र नैराश्याच्या व्याख्येतून बाहेर पडलेले त्या गटात ४४ टक्के होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के. उपचार थांबल्यावर दोन गटांतला फरक वाढत गेला, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

आपल्या गावात सल्ला द्यायला सगळे बसलेत. सासू देते, भावकी देते, मठातले देतात, आता मोबाईलही देतो. सल्ला न देता, घाई न करता, माणूस गप्प झाला तरी त्याच्यासोबत गप्प बसून ऐकणारं कोण आहे? ते शिकवणारी शाखा तुम्ही मोडीत काढताय.

विवेकनिष्ठ
मॅडम, आकडे अर्धेच दिलेत. त्याच अभ्यासात संपूर्ण बरे झालेले किती? शेवटच्या तपासणीत १४.९ टक्के. दुसऱ्या गटात ४.४. म्हणजे तुमच्या गटातले सातातले सहा पूर्ण बरे झालेच नाहीत. हे का लिहिलं नाही?

आणि घराण्याचा दाखला देऊ नका. रसायनशास्त्र किमयेतून निघालं म्हणून आज कुणी परीस शोधत बसत नाही. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने केलेला आक्षेप अजून जागचा हललेला नाही. रुग्ण 'हो' म्हणाला तर सिद्धांत बरोबर, 'नाही' म्हणाला तर तो प्रतिकार करतोय, म्हणजे पुन्हा सिद्धांत बरोबर. हरण्याची सोयच नाही, त्याला शास्त्र कसं म्हणू?

किशोर फडक्यांनी विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली, ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेने ती घरोघर नेली. माझ्यासारख्या दुकानदाराला ती वाचून कळली, वापरता आली. धंदा बसला तेव्हा मी तिच्यावर उभा राहिलो. पलंगावर आडवं होऊन लहानपण उकरायला मला वेळ नव्हता.

जुळे सोलापूरची आई
मी आकड्यांवर बोलणार नाही. माझा मुलगा स्वमग्न आहे. तीन वर्षांचा होता तेव्हा मोठ्या शहरातल्या एका समुपदेशकाने मला नवऱ्यासमोर विचारलं, "गरोदरपणी हे मूल तुम्हाला मनातून नको होतं का?" बस्स. ते वाक्य घरात राहायला आलं. सासरच्यांना हवंच होतं.

पुढे मी वाचलं. ब्रूनो बेटलहाईम नावाच्या माणसाने १९६७ च्या पुस्तकात स्वमग्नतेचं खापर आयांच्या थंडपणावर फोडलं होतं. जगभरच्या किती बायकांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं असेल. फ्रान्समध्ये तर मनोविश्लेषकांची पकड इतकी होती की तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेला २०१२ साली जाहीर करावं लागलं की स्वमग्नतेसाठी या उपचारांवर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझ्या मुलाला बोलता आलं ते स्पीच थेरपीने, आणि मी त्याच्यामागे रोज बसले म्हणून.

सातरस्ता
ताई, तुम्हाला जे विचारलं गेलं ते क्रूर होतं. बेटलहाईमचा सिद्धांत चुकीचा होता आणि त्याने नुकसान केलं, यात वाद नाही. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते असं मांडलं होतं. पण आईला दोष देणं म्हणजेच मनोविश्लेषण असं नाही. विनिकॉट मनोविश्लेषकच होते, आणि आई परिपूर्ण नसली तरी चालतं, पुरेशी चांगली असली की मूल वाढतं, हे त्यांनी...

जुळे सोलापूरची आई
पुरेशी चांगली आहे की नाही हे ठरवणारा तरी कोण? दर वेळी 'पण' लावता. माझी इतकी वर्षं त्या 'पण'च्या पुढे गेली नाहीत.

हुतात्मा एक्स्प्रेस
मी मनोविश्लेषण घेतलेला माणूस आहे, म्हणून बोलतो. सकाळच्या हुतात्माने पुण्याला जायचं, पन्नास मिनिटं बोलायचं, संध्याकाळच्या हुतात्माने परत. वडील गेल्यावर मला गर्दीत छातीत धडधडायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. तिथे बोलता बोलता वडिलांच्या शेवटच्या दिवसातल्या गोष्टी निघाल्या, ज्या मी बायकोलाही सांगितल्या नव्हत्या. धडधड कमी झाली. हे खरं आहे.

पण एकदा पावसात गाडी कुर्डुवाडीला अडकली. पोचलोच नाही. तरी फी घेतली! "तुमची वेळ राखून ठेवली होती." लई राग आला ओ. गाडी मी थांबवली होती काय? मी थोड्याच दिवसांत जायचं बंद केलं.

सातरस्ता
हा नियम जुना आहे. फ्रॉईडने १९१३ च्या लेखात लिहिलंय की प्रत्येक रुग्णाचा तास ठरलेला, तो आला नाही तरी तास त्याचाच. फुकट उपचाराचा फारसा उपयोग होत नाही, असंही त्याच लेखात आहे. न येण्याला सूट दिली की ज्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं निघणार त्याच दिवशी माणूस आजारी पडतो, हा त्याचा अनुभव होता. आणि दादा, तुम्ही सोडून गेलात तेव्हा तो राग फक्त फीचा होता का, हेही तिथे बोलता आलं असतं. वेळेवर न पोचण्याचा तुमच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांशी काही संबंध असेल.

हुतात्मा एक्स्प्रेस
काय बोलालाय मॅडम? माझे पैसे गेले म्हणून मला राग आला. त्यात वडील कुठून आणले? तुम्ही मला ओळखत नाही.

विवेकनिष्ठ
पाहा, मी वर जे म्हणालो ते इथेच घडलं. तो पैशावर रागावला तरी ते वडिलांमुळे. नाही म्हणाला तर प्रतिकार. पॉपर यापेक्षा वेगळं काय सांगत होता?

जुळे सोलापूरची आई
फ्रॉईडने डोरा नावाच्या तरुण रुग्णाचंही हेच केलं होतं. वडिलांच्या मित्राने त्या पोरीच्या अंगाला हात लावला, तिला किळस आली, तर फ्रॉईडने त्या किळसेलाच हिस्टेरिया म्हटलं. ती अकरा आठवड्यांत निघून गेली. बरं केलं.

सातरस्ता
डोराची हकीकत फ्रॉईडने खोटी मानली नव्हती, एवढं नोंदवते. तिच्या किळसेचा लावलेला अर्थ वाईट होता, हे मनोविश्लेषकही आज म्हणतात. उपचार का मोडले हे त्याने १९०५ मध्ये स्वतःच छापलं: ट्रान्सफरन्स, म्हणजे रुग्ण जुन्या नात्यातल्या भावना उपचार करणाऱ्यावर उतरवतो ते, आपल्या वेळीच लक्षात आलं नाही. आपला फसलेला उपचार इतक्या तपशिलाने छापणारे डॉक्टर आजही फार नाहीत.

दादा, तुम्हाला मी तसं विचारायला नको होतं. ते विचारायचा हक्क समोर बसून ऐकणाऱ्यालाच असतो. पण प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

नवी पेठ
फीवर एवढा गदारोळ कशाला? ट्यूशनवाले सुट्टीचे पैसे परत देतात का? जिमवाले देतात का? डॉक्टरचा तास रिकामा गेला तर त्याने काय खायचं?

हुतात्मा एक्स्प्रेस
ट्यूशन आणि आजार एक आहे का? दवाखान्याची अपॉइंटमेंट चुकली तर हाडाचा डॉक्टर पैसे घेत नाही.

नवी पेठ
त्याच्याकडे तुमच्या जागी पुढचा पेशंट बसलेला असतो. इथे तो तास तुमच्यासाठीच बंद असतो. तेवढं तरी समजून घ्या.

पूर्वभागातली
तुम्ही सगळे चुकलेल्या तासाच्या फीवर भांडताय. माझी अम्मा विड्या वळते. हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी. दवाखान्यात गेली की त्या दिवसाची मजुरी बुडाली. आमच्यासाठी आलेल्या तासाचीही फी दुप्पटच पडते.

अम्माला झोप येईना, जेवण जाईना, भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. पण अम्मा तेलुगूत बोलणार, डॉक्टर मराठीत विचारणार, मध्ये मी. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही त्रास आहे का?" मी अम्माला विचारलं. अम्माने माझ्याकडे बघितलं आणि "एमी लेदु", काही नाही, म्हणाली. नाना, म्हणजे माझे वडील, काय करायचे ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे अम्माला माहीत होतं. माझ्या तोंडून ती ते कशी सांगणार? डॉक्टरांनी 'काही नाही' लिहिलं आणि गोळी दिली. गोळीने झोप लागली, ते मी नाकारत नाही.

फ्रॉईड बरोबर की एलिस, मला त्यात पडायचं नाही. अम्माला तिच्या भाषेत, मी बाहेर बसलेली असताना, बोलू देणारं कुणी आहे का, एवढंच विचारते. अशोक चौकापासून कुंभारीपर्यंत किती बायका अशा आहेत.

सातरस्ता
हा प्रश्न मनोविश्लेषकांसमोर शंभर वर्षांपूर्वी आला होता. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या अधिवेशनात खुद्द फ्रॉईड म्हणाला की शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावरही, आणि ते फुकट मिळाले पाहिजेत. १९२० मध्ये बर्लिनमध्ये तसा दवाखाना निघाला, माक्स आयटिंगॉन यांनी त्यात स्वतःचे पैसे घातले. १९२२ मध्ये व्हिएन्नात निघाला. तेव्हा विवेकनिष्ठ, श्रीमंतांचं खूळ हे...

हुतात्मा एक्स्प्रेस
म्हणजे १९१३ ला फुकट उपचाराचा उपयोग नाही, आणि १९१८ ला फुकट द्या? मग माझ्याकडून कोणत्या सालच्या नियमाने घेतले?

सातरस्ता
दोन्ही मतं त्याचीच, आणि ती एकमेकांत बसत नाहीत, हे खरं आहे. मी दुसऱ्या मताच्या बाजूने आहे.

रात्रपाळी
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच. बराच वेळ वाचतोय. वर जे डॉक्टर 'काही नाही' लिहून मोकळे झाले, तसं मीही रोज लिहितो. आळसाने नाही. बाहेरची रांग जिल्हाभरातून आलेली असते. अक्कलकोटचा कन्नडमध्ये बोलतो, पूर्वभागातला तेलुगूत, मंगळवेढ्याचा मराठीत, आणि संध्याकाळची एसटी सगळ्यांना गाठायची असते.

मॅडमना एकच आठवण करून देतो. अमेरिकेत राफाएल ओशेरॉफ नावाचे किडनीचे डॉक्टर १९७९ मध्ये तीव्र नैराश्याने दाखल झाले. त्या रुग्णालयाने त्यांना औषध न देता महिनोन्महिने नुसती मनोविश्लेषणाच्या अंगाने चिकित्सा दिली. ते खंगत गेले, येरझारा घालून पाय सुजले. दुसरीकडे हलवून औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत सुधारले. पुढे खटला भरला, तो तडजोडीत मिटला. ऐकत बसणंही माणसाला मारू शकतं, हे विसरू नका.

पूर्वभागातल्या ताईंच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. मुलीला मध्ये बसवून आईची हकीकत घेणं चूक आहे, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तरी आम्ही तेच करतो, कारण दुसरं कुणी नसतं. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावलं, पण भरती न होता घेतलेल्या सिटिंगला बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत. आणि विडी वळणाऱ्या बाईकडे कुठली पॉलिसी?

विवेकनिष्ठ
अम्मांना घाई न करता ऐकलं पाहिजे, हे मान्य. त्यासाठी ईडिपस गंड, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर वाटतो हे फ्रॉईडचं म्हणणं, मानायची गरज नाही. तेलुगू येणाऱ्या चार मुलींना नीट प्रशिक्षण द्या, त्या ऐकतील.

सातरस्ता
द्याच प्रशिक्षण, मी शिकवायला येते. पण त्या चार मुलींसमोर पहिल्याच महिन्यात कुणी रडेल, कुणी त्यांना आई समजेल, कुणी त्यांच्यावर विनाकारण चिडून जायचं बंद करेल. तेव्हा त्यांनी काय करायचं हे एलिसच्या तक्त्यात नाही. ते याच शाखेने सगळ्यात जास्त अभ्यासलंय. ईडिपस तुम्ही ठेवा बाजूला, ट्रान्सफरन्स मी सोडणार नाही.

जुळे सोलापूरची आई
शिकवाल तेव्हा त्या मुलींना पहिल्या दिवशी सांगा की आईला दोष द्यायचा नाही.

पूर्वभागातली
आणि दुपारी चारनंतरची वेळ ठेवा. त्याआधी विड्या कारखान्यात द्यायच्या असतात.