ढोलातलं कोकरू: ही गोष्ट मुळात कुठली?

कसबेकर
मावळातल्या एका आजींकडून रेकॉर्ड केलेली गोष्ट: कोकरू आजीकडे निघतं, वाटेत कोल्ह्याला 'जाडजूड होऊन येतो, मग खा' म्हणून चकवतं, परतताना ढोलात बसून गडगडत येतं. शेवटी कोल्हा आवाज ओळखून त्याला खातो. भोपळ्यातल्या म्हातारीच्याच गोष्टीचं हे जुनं रूप म्हणायचं का? पुण्यात कुठे शोधू?

जुनी_पानं
आधी छापील वाटेचा संशय घ्या. स्टील आणि टेंपल यांच्या १८८४ च्या पंजाब-काश्मीरच्या कथासंग्रहात हीच गोष्ट आहे, शेवटासकट. १८९२ मध्ये जोसेफ जेकब्झने ती पुन्हा छापली. वाचून सांगितलेली गोष्ट एका पिढीत 'आजीची' होऊन जाते. रेकॉर्डिंगमध्ये तीन खुणा बघा: कोकरू धान्याच्या कोठीत सात दिवस खातं, ढोल मेलेल्या धाकट्या भावाच्या कातड्याचा असतो, परतताना गरुड ढोलालाच कोकराचा पत्ता विचारतो. तिन्ही जुळल्या तर मूळ बहुधा पुस्तकात. नुसता ढोल जुळला तर काहीच ठरत नाही.

ओवीसंग्रह
एटीयू या जगभरच्या लोककथांच्या क्रमवार सूचीत हा कथाप्रकार १२२एफ; कल्पनाबंध, म्हणजे अनेक गोष्टींत फिरून येणारा धागा, के ५५३. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात थॉम्पसन-रॉबर्ट्सची १९६० ची भारतीय कथासूची आहे का विचारा. त्यात १२२ च्या आसपासचे सगळे आकडे चाळा. बंगालीत दुधीभोपळ्यात बसलेली म्हातारी उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० मध्ये छापली आहे, तीही शेजारी ठेवा. जातककथांसाठी भांडारकर संस्था. पण आकड्यावरून भावंडं कळतात, जन्मगाव नाही.

कसबेकर
आजींना पुन्हा विचारताना काय सांभाळू?

ओवीसंग्रह
'ढोल होता की भोपळा?' असं चुकूनही विचारू नका, पुढच्या वेळी भोपळा येईल. काही दिवसांनी 'ती कोकराची सांगा' एवढंच म्हणा. प्राणी बदलतात, क्रम बदलतो. 'टुणूक टुणूक'सारखं पालुपद सहसा टिकतं, म्हणून ते उच्चारासकट जसंच्या तसं उतरवा. गोष्ट कोणाकडून ऐकली आणि त्या बाईचं माहेर कुठलं, हे नक्की विचारा. गोष्टी लग्नाबरोबर गाव बदलतात. मावळात मिळाली म्हणून मावळची होत नाही.

जुनी_पानं
आणि जुन्या ग्रंथात सापडली नाही म्हणून ती नवी, असंही नाही. कावळ्याचं घर शेणाचं हे लीळाचरित्रात आलं म्हणून आपल्याला तेराव्या शतकातलं कळलं. बाकीच्या बाळगोष्टी लिहायची तसदी कोणी घेतली? लेखात मात्र 'हजार वर्षं जुनी' लिहू नका. हल्ली सगळ्याच गोष्टी हजार वर्षांच्या असतात. 'छापील नोंद १८८४, पंजाब-काश्मीर' एवढं सध्या पुरे.