आजोबांच्या वहीतले जातीवाचक शब्द छापावेत की काढावेत? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा मागच्या वर्षी गेले. जन्म १९३८ चा, सगळं आयुष्य कोल्हापुरात मंगळवार पेठेत गेलं. तालीम, रंकाळ्यातलं पोहणं, खासबागेतल्या कुस्त्या अशा आठवणी त्यांनी दोन जाड वह्यांत लिहून ठेवल्यात. वर्षश्राद्धाला त्याचं पुस्तक करून पाव्हण्यांना द्यायचं ठरलंय. टायपिंगचं काम ओळखीच्या एका पोराकडं दिलंय.

परवा त्याच्या शेजारी बसून प्रूफ तपासत होतो. एका पानावर त्याचा हात थांबला. नळावरच्या बायकांबद्दल आजोबांनी लिहिलंय, "कैकाड्यागत भांडाय लागल्या." स्क्रीनकडं बघतच तो म्हणाला, "दादा, हे असंच ठेवायचं न्हवं?" मी हो म्हणालो आणि पुढं गेलो. गाडीला किक मारताना आठवलं, त्याची आजी गंगावेशीत टोपल्या विणून विकायची. तो स्वतः कैकाडी आहे. त्या एका 'हो'नं दोन रात्री झोप नाही.

वह्या परत चाळल्या तर असे सात-आठ उल्लेख निघाले. पारध्यांना तर सरळ चोर म्हटलंय. आणि त्याच वहीत, सहाच पानं आधी, शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा प्यायचे हे केवढ्या अभिमानानं लिहिलंय! आजोबांच्या लेखी ही शिवी नव्हतीच, बोलायची रीत होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, माणसं 'विमुक्त' झाली, पण आमच्या तोंडातनं शब्द काही गेले नाहीत. नव्वदच्या दशकात आमचे मास्तर भर वर्गात हीच उपमा द्यायचे आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. माझी सातवीतली मुलगी मात्र ते पान वाचून म्हणाली, "पप्पा, जातीवरनं कशाला बोलायचं?" आजोबांनाही शेवटी शेवटी कळत असावं. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय २०२० मध्ये सरकारनं घेतला तेव्हा पेपर खाली ठेवून ते म्हणाले होते, "बरं झालं."

वकील मित्र म्हणाला, कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत येतात, आपल्याकडं विमुक्त जातीत, म्हणून ॲट्रॉसिटी कायदा इथं त्यांच्यासाठी नाही. त्यानं मला धीर द्यायला सांगितलं, मला उलट जास्तच लागलं. चारचौघांत अपमान करायला हाच शब्द वापरला तर नागपुरात गुन्हा होऊ शकतो, आणि कोल्हापुरात त्या पोरानं गिळून टाकायचं?

आत्या म्हणते, दादांच्या (म्हणजे आजोबांच्या) लिखाणातला काना-मात्रा बदलायचा नाही. वडील म्हणतात, गुपचूप काढून टाक, कुणाला कळतंय. काढलं तर आजोबा होते त्याहून सोवळे दिसतील. ठेवलं तर ते त्या पोराच्याच हातानं टाइप करून घ्यायचं, हे मला जमणार नाही. तळटीप द्यावी म्हटलं तर चार ओळी धड लिहिता येईनात, प्रत्येक वेळी आजोबांची वकिली केल्यासारखं होतंय.

घरातल्या जुन्या वह्या, पत्रं कुणी छापली असतील तर अशा जागी तुम्ही नेमकं काय केलंत? तळटीप दिली असेल तर तिची भाषा कशी ठेवली? आणि त्या पोराची माफी मागायचीय, पण त्याला अवघडल्यासारखं न होता कशी मागू? शुक्रवारी त्याच्याकडं पुढची प्रुफं घ्यायला जायचंय.